अंगण खरेच वाकडे होते का? ली ट्रेविनो आणि ऑगस्टाचे मैदान

आजचा धागा एका नकाराविषयी आहे.

गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी मास्टर्स ही एकच स्पर्धा दरवर्षी त्याच मैदानावर, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे होते. तिथे खेळायचे तर निमंत्रण यावे लागते. 1970, 1971 आणि 1974 अशी तीन वर्षे ली ट्रेविनोने ते निमंत्रण नाकारले. हे मैदान माझ्या खेळाला मानवत नाही, असे तो उघडपणे सांगत असे.

अशा कारणाला आपल्याकडे उत्तर ठरलेले आहे : नाचता येईना, अंगण वाकडे. पण ट्रेविनोला नाचता येत होते. यूएस ओपनच्या चारही फेऱ्या प्रत्येकी 70 पेक्षा कमी फटक्यांत पूर्ण करणारा पहिला खेळाडू तोच. 1968 साली त्याने ती स्पर्धा जिंकली होती.

डॅलसमध्ये, कबरी खणणाऱ्या आजोबांच्या घरी तो वाढला आणि लहान वयातच कॅडी म्हणून राबू लागला. टेक्सासची जमीन कडक, वारा सततचा. त्या परिस्थितीने त्याचा फटका घडवला : चेंडू फार उंच न जाता डावीकडून किंचित उजवीकडे वळत जाई. गोल्फमध्ये याला फेड म्हणतात. ऑगस्टाचे दुसरे, दहावे, तेरावे होल मात्र डावीकडे वळतात. तिथे उजवीकडून डावीकडे वळणारा उंच चेंडू अधिक लाभतो.

येथे इतिहासाची एक गंमत आहे. हे मैदान बॉबी जोन्सने अॅलिस्टर मॅकेन्झी या रचनाकाराच्या साहाय्याने उभारले, ते सामान्य खेळाडूलाही रमता यावे म्हणून. फेअरवे रुंद, सुरुवातीला बंकर अवघे 22. कमकुवत खेळाडूला सुरक्षित वाट आणि बलवानाला धोका पत्करण्याचे आमिष, हे त्यामागचे तत्त्व. स्वतः जोन्स 1921 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर इतका वैतागला होता की तिसऱ्या फेरीच्या अकराव्या होलवर त्याने माघार घेतली. पुढे त्याच मैदानावर तो 1927 ची ओपन आणि 1930 ची ब्रिटिश अॅमॅच्युअर जिंकला. न मानवणाऱ्या मैदानाशी जुळवून घेता येते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

मग ट्रेविनोचे कारण खरे होते का? माझ्या मते अर्धेच. जॅक निकलॉसचा आवडता फटकाही फेडच होता आणि त्याने मास्टर्स सहा वेळा जिंकली. अर्थात त्याचा चेंडू लांब व उंच जाई, हा फरक लहान नाही. पण उरलेले अर्धे कारण गवतात शोधून सापडणार नाही. ट्रेविनो मेक्सिकन वंशाचा, गरिबीतून आलेला. ऑगस्टाच्या क्लबमध्ये त्याला अवघडल्यासारखे होई. क्लबहाऊसमध्ये न जाता तो वाहनतळावरच बूट बदलत असे. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो 1975 साली. क्लबला पहिला कृष्णवर्णीय सदस्य मिळायला 1990 उजाडले. 'मैदान मानवत नाही' या शब्दांत किती गोष्टी मावतात, पाहा.

नकारानंतर काय झाले? 1971 च्या उन्हाळ्यात, मेरियनच्या मैदानावर, त्याने निकलॉसला प्लेऑफमध्ये 68 विरुद्ध 71 असे हरवून यूएस ओपन जिंकली. पाठोपाठ कॅनेडियन ओपन आणि मग रॉयल बर्कडेल येथील ब्रिटिश ओपन. तीन देशांची अजिंक्यपदे, तीन आठवड्यांच्या आत! मेरियन आखूड पण अचूकता मागणारे, बर्कडेल समुद्राच्या वाऱ्यातले. दोन्हीकडे चेंडू खाली आणि ताब्यात ठेवणाऱ्याची चलती.

मास्टर्स वगळता उरलेल्या तिन्ही प्रमुख स्पर्धा त्याने प्रत्येकी दोनदा जिंकल्या. मास्टर्स एकदाही नाही. निमंत्रणे नाकारणे ही आपली मोठी चूक होती, असे पुढे त्याने स्वतःच मान्य केले.

आणि 1989 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, याच न मानवणाऱ्या मैदानावर तो पहिल्या दिवशी 67 फटके खेळला. त्या संध्याकाळी फलकावर सर्वांत वर त्याचे नाव होते. पुढच्या तीन दिवसांत ते खाली सरकले.