१९६० मध्ये काही बुडाले नाही, ते का?

एक मत गेली कित्येक वर्षे इतक्या खात्रीने मांडले जाते की त्याची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. एखाद्या मोठ्या एककातून बाहेर पडायचा विषय निघाला, मग ते एकक महानगरपालिका असो, राज्य असो की युरोपीय संघ, की कोणीतरी म्हणतेच, ‘महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हाही असेच घाबरवले होते. काय बुडाले?’ पनवेलजवळच्या रोडपालीत हे बोलणाऱ्याला पुरावाही लांबून आणावा लागत नाही. गावाशेजारी कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आहे. भांडवल मुंबई सोडून जाईल म्हणत होते ना? ते गेले कुठे, तर खाडी ओलांडून इथे आले. मुंबईतल्या कर्नाक बंदर आणि दारूखान्यातला धंदा आमच्या दारात आला, एवढेच.

हा पूर्वपक्ष हलका नाही, म्हणून आधी तो नीट मांडला पाहिजे. १९४८ च्या दार आयोगाने भाषावार प्रांतांनाच विरोध केला. जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी यांच्या समितीने १९४९ मध्ये मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये असे सुचवले. पुढे पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या नेतृत्वाखालच्या मुंबई सिटिझन्स कमिटीने राज्य पुनर्रचना आयोगापुढे शहराच्या वेगळेपणाची बाजू लावून धरली. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या त्या आयोगाने १९५५ मध्ये मराठी-गुजराती द्विभाषिक राज्याची शिफारस केली. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, माणसे रस्त्यावर आली, गोळ्या झेलून मेली. अखेर १ नोव्हेंबर १९५६ ला सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ सगळे एकत्र बांधून विशाल द्विभाषिक उभे केले, ते साडेतीन वर्षे टिकले. १ मे १९६० ला दोन राज्ये झाली. मुंबईचा शेअर बाजार, बंदर, गिरण्या, रिझर्व्ह बँक सगळे जागेवर राहिले. तेव्हा ती भीती पोकळ होती आणि अशी भीती नेहमीच पोकळ असते, असा निष्कर्ष लोक काढतात.

यातले पहिले अर्धे मला मान्य आहे. भांडवल पळून जाईल हा दावा तेव्हाही कच्चा होता, आणि आपल्या बाजूच्या अर्थतज्ज्ञांनी तो त्याच वेळी उघडा पाडला होता. मुंबईची संपत्ती कोणा एका समाजाच्या तिजोरीत नव्हती. ती बंदरात होती, गोदी आणि गिरण्यांतल्या कामगारांच्या हातात होती. तानसा-वैतरणेच्या पाण्यात होती, खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथल्या विजेत होती. ही वीजघरे आजच्या रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. तिजोरी उचलून नेता येते, भिऱ्याचे धरण नेता येत नाही. धनंजयराव गाडगीळ संयुक्त महाराष्ट्र परिषदेत होते, ते काही भावनेच्या लाटेवर आलेले गृहस्थ नव्हते. आणि चिंतामणराव देशमुख! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, १९५२ मध्ये आपल्याच कुलाब्यातून निवडून गेलेले. देशातला पैसा कुठून कुठे जातो हे ज्याला सर्वांत जास्त कळत होते, त्या माणसाने १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. मुंबई महाराष्ट्राला दिल्याने अर्थव्यवस्था कोसळेल असे त्यांना वाटत असते, तर त्यांनी राजीनामा दिला नसता. पनवेलनेही १९५७ मध्ये कौल दिला. संयुक्त महाराष्ट्र समितीतल्या घटक पक्षाचे, शेकापचे दि. बा. पाटील प्रथम आमदार झाले ते त्याच निवडणुकीत.

माझा विरोध दुसऱ्या अर्ध्याला आहे. १९६० मध्ये काही बुडाले नाही, म्हणून वेगळे होण्यात बुडण्यासारखे काही नसते, हे अनुमान सदोष आहे. त्यामागचे कारण तपासले की ते टिकत नाही.

द्विभाषिक मोडले तेव्हा राज्य तुटले, बाजारपेठ तुटली नाही. रुपया एक राहिला, रेल्वे एक राहिली, आयात-निर्यातीचा कायदा एक राहिला. संविधानाच्या ३०१ व्या कलमाने देशभरातला व्यापार मुक्त ठेवला होता. विक्रीकराचे नाके होते, ट्रकवाल्यांना ते २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत छळत राहिले, पण जकातीची आंतरराष्ट्रीय भिंत उभी राहिली नाही. अहमदाबादच्या माणसाला मुंबईत धंदा करायला १ मे नंतर परवाना लागला नाही, राहायला व्हिसा लागला नाही. ब्रिटनने सोडले ते नेमके हेच. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले, आणि त्या वर्षअखेर संक्रमणकाळ संपल्यावर डोव्हरहून कॅलेला जाणाऱ्या मालाला सीमाशुल्काचे कागद लागू लागले. कळंबोलीतून सुरतेला निघालेल्या ट्रेलरशी त्याची तुलना करणे म्हणजे घरातल्या खोल्या बदलण्याला गाव सोडणे म्हणण्यासारखे आहे.

ब्रिटनच्या उदाहरणाचा उलटा उपयोग करणारेही आहेत, त्यांनाही इथेच उत्तर देतो. वेगळे झालात की रातोरात कोसळाल, असे ते सांगतात. ब्रिटिश अर्थखात्याने मे २०१६ मध्ये तसेच भाकीत केले होते, की बाहेर पडायचा कौल आला तर लगेच मंदी येईल. पौंड घसरला, मंदी मात्र आली नाही, आणि तज्ज्ञांची पत गेली. नुकसान नंतर, हळूहळू, न दिसता होत गेले. तिथल्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचा अंदाज असा, की दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. हे नुकसान कोणत्याही एका सकाळी वर्तमानपत्रात मथळा होऊन येत नाही. चेकोस्लोव्हाकियाचेही पाहा. १ जानेवारी १९९३ ला एकही गोळी न सुटता दोन देश झाले, सामाईक चलन मात्र सहा आठवडेही टिकले नाही. सीमाशुल्काचा संघ टिकला, त्याने दोघांनाही सावरले. म्हणजे वेगळे होण्याचा परिणाम काय होईल हे नुसत्या वेगळेपणावर ठरत नाही. काय सामाईक ठेवले आणि काय तोडले, त्यावर ठरते.

आता १९६० चा दुसरा धागा. आपण तो जवळजवळ विसरलो आहोत, आणि मला त्याचेच सर्वांत जास्त वाईट वाटते. मुंबई पुनर्रचना अधिनियम कोणी उघडून वाचत नाही. हुतात्मा चौकात डोके टेकवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा, कारण त्या बलिदानाचे जे काही कायम झाले ते त्याच्या कलमांत आहे. कोणते तालुके कुठे, ठाण्याच्या उंबरगावातली आणि पश्चिम खानदेशातली कोणती गावे गुजरातकडे. उच्च न्यायालय कोणाचे. कर्मचारी कसे वाटायचे. कर्ज, येणी, पेन्शन कोणाच्या माथी. लोकसंख्येच्या प्रमाणात, साधारण दोनास एक, काय विभागायचे. गुजरातची सुरुवातीची तूट भरून काढायला आणि नवी राजधानी उभारायला महाराष्ट्राने पैसे द्यायचे ठरले. तेव्हा पुष्कळांना ते खंडणीसारखे बोचले, आणि आजही सभांतून तसा उल्लेख होतो. मला ती रक्कम अपमान वाटत नाही. गुजरातला आपण दरिद्री होऊ अशी भीती होती. ती भीती उडवून न लावता तिची किंमत ठरवली गेली आणि कायद्यात लिहिली गेली. वीज मंडळ आणि एस. टी. विभागली गेली, ती दिवे आणि गाड्या बंद न पडता. काही बुडाले नाही, कारण काय बुडू शकते याची यादी आधी कोणीतरी केली होती. ज्यांना घाबरट म्हणतात, त्यांचे हे काम होते.

यादीत जे आले नाही, त्याची किंमत मात्र भरावी लागली, आणि ती मुंबईच्या शेठजींनी भरली नाही. नर्मदेकडे बघा. १९६० पूर्वी या खोऱ्याचा खालचा भाग एकाच मुंबई राज्यात होता. त्यानंतर गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश असे तीन पक्ष झाले, राजस्थान वेगळाच. १९६९ मध्ये लवाद नेमला गेला, १९७९ मध्ये त्याचा निवाडा आला. धरण गुजरातेत, बुडणारे मणिबेली गाव महाराष्ट्रातल्या अक्कलकुव्यात, आणि पुनर्वसनाची जमीन मागायची ती कुठल्या सरकारकडे, हा हेलपाटा आदिवासींच्या वाट्याला आला. द्विभाषिक राहिले असते तरी गाव बुडाले असते, हे खरे आहे. पण उत्तर देणारे दार एक राहिले असते. मुंबईचे काय होईल यावर दहा वर्षे लिहिणाऱ्यांपैकी कोणी सातपुड्यातल्या त्या काठाचे काय होईल हे विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

इथे आपल्या लोखंड बाजाराकडेही पुन्हा पाहावे लागते. भांडवल पळाले नाही याचा तो पुरावा म्हणून दाखवतात, पण तो या गोष्टीचा पुरावाच होत नाही. मुंबईतली गर्दी खाडीपलीकडे न्यावी ही शिफारस स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाची. तो नेमला गेला १९५८ मध्ये, म्हणजे द्विभाषिकातच. पुढे १९६५-६६ मध्ये गाडगीळांच्याच समितीने ती दिशा पक्की केली, १९७० मध्ये सिडको आली. राज्य एक राहिले असते तरी बाजार इकडे आला असता. आला तो ठाणे, पनवेल आणि उरण मिळून ९५ गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर. भांडवलाच्या सुरक्षिततेची काळजी दोन्ही बाजूंना होती, जमिनीच्या मोबदल्यासाठी मात्र शेतकऱ्यांना जानेवारी १९८४ मध्ये जासईला पुन्हा गोळ्या खाव्या लागल्या. भीती चुकीच्या जागी ठेवली की असे होते. ज्यांचे काही जाणार नव्हते त्यांच्यासाठी सगळ्यांनी काळजी केली.

हे सगळे आज सांगायचे कारण घराजवळचे आहे. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली आणि रोडपालीसह २९ गावे तिच्यात गेली. सिडकोचे सेवाशुल्क आणि वर पालिकेचा पूर्वलक्षी मालमत्ता कर, या दुहेरी भारावरून वसाहतींत संताप उसळला, ‘बाहेर पडू’ हा शब्दही ऐकू आला. त्या वेळीही तेच दोन सूर होते. एक म्हणे, बाहेर पडलात तर पाणी तुटेल. दुसरा म्हणे, १९६० ला काय तुटले? दोघांपैकी कोणी कागद काढून बसले नाही.

शेजारी दोन उदाहरणे उघडी पडली आहेत. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावे १९८३ मध्ये आत गेली, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा बाहेर, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. इतक्यांदा हद्द हलली, पण प्रत्येक वेळी जलवाहिनी कोणाची, आरोग्य केंद्र कोणाचे, बांधकामाच्या परवानग्यांचा पुढे मालक कोण, हा हिशेब नंतरवर ढकलला गेला. दुसरे, दहिसर-मोरी परिसरातली १४ गावे. करांना वैतागून २००७ मध्ये ती नवी मुंबईतून बाहेर पडली. लोकांची तक्रार खोटी नव्हती, त्यांना कर दिसत होता आणि सोय दिसत नव्हती. पण बाहेर पडताना रस्ता, पाणी, गटारे, डेब्रिज आणि अनधिकृत गोदामे यांची जबाबदारी कोणाकडे जाते, हे १९६० च्या अधिनियमासारखे कलमवार लिहिले गेले नाही. २०२४ मध्ये त्यांना परत आत घेण्याचा आदेश निघाला, आणि लगेच वाद पेटला तो या गावांच्या सोयींचा खर्च कोणी उचलायचा यावर. हा प्रश्न २००७ च्या आदेशातच सुटायला हवा होता.