भाऊजींचे बत्तीस सीसी

चिंचवडचा इतिहास लिहिणारे मोरया गोसावींपासून सुरुवात करतात, १८९७ सालच्या चापेकर बंधूंपाशी थोडे थांबतात आणि तिथून एकदम कारखान्यांवर उडी मारतात. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली एमआयडीसी आली, मग बजाज, टेम्पो, टेल्को ही मंडळी स्थिरावली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. हे सगळं खरं आहे. पण १९८३ साली आमच्या अक्काच्या अंगणात आंब्याच्या फांदीला फियाटचं इंजिन टांगलेलं होतं, याची नोंद कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नाही. ती मी इथे करून ठेवतो.

तेव्हाचं चिंचवड म्हणजे दिवसा परक्याची इंजिनं जोडायची आणि रविवारी स्वतःचं उघडायचं, असं गाव. स्कूटरसाठी नंबर लावून दहा-दहा वर्षं वाट पाहिलेली. त्यामुळे ती दारात आली की माणूस तिला जावयासारखं जपे. रविवारी सकाळी गल्लीत लाकडं पेटवून सायलेन्सर भाजत. आतला कार्बन जळून गेला की स्कूटर हलकी पळते. नवख्या पाहुण्याला वाटे, आज वांग्याचं भरीत आहे.

भाऊजी तिथल्याच एका मोठ्या कारखान्यात होनिंगच्या मशीनवर होते. सिलिंडरची आतली भिंत घासून गुळगुळीत करायची. तीही पार गुळगुळीत नव्हे, तेल धरून ठेवण्यापुरत्या बारीक तिरक्या रेघा ठेवायच्या. वीस वर्षं हेच. सिलिंडर समोर यायचा, मायक्रॉनमध्ये मोजला जायचा आणि पुढे जायचा. "मुलगी सासरी जाते तिचं निदान पत्र तरी येतं," ते एकदा म्हणाले, "माझं एकही इंजिन चालू झालेलं मी ऐकलेलं नाही."

अशात त्यांच्या हाती कुठलंसं जुनं मासिक पडलं. इटलीत कार्लो अबार्थ नावाच्या गृहस्थाने १९४९ साली कंपनी काढून फियाटच्या चिमुकल्या गाड्या शर्यतीत पळवल्या आणि १९७१ साली खुद्द फियाटनेच ती कंपनी विकत घेतली, हे त्यांनी वाचलं. पंधरा दिवसांत सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी एक थकलेली फियाट आणली. ते कर्ज खरं म्हणजे मागच्या खोलीच्या स्लॅबसाठी होतं. त्या पावसाळ्यात अक्काने त्या खोलीत चार पातेली मांडली आणि भाऊजींशी बोलणं बंद केलं.

या फियाटचा सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, असे चार मिळून १०८९ सीसी. भाऊजींनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बोअर मारून व्यास ६९ केला. होनिंगला मात्र तिथल्या कारागिराला हात लावू दिला नाही. आता झाले ११२१. म्हणजे एवढ्या खटपटीने मिळाले बत्तीस सीसी; अक्काच्या चहाचा अर्धा कपही नाही! पण भाऊजी ते असे सांगत, जणू घराला एक मजला चढवलाय.

मोठे पिस्टन नाना पेठेतून आले, पाने जुन्या बाजारातून. कॉम्प्रेशन वाढावं म्हणून हेड थोडं घासून घेतलं. फार घासलं तर आपलं साधं पेट्रोल वेळेआधीच पेटून इंजिन ठोके देतं, म्हणून थोडंच. व्हॉल्व्ह लॅपिंग माझ्याकडे. व्हॉल्व्हला पेस्ट लावायची, रबरी कपाची काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळहातांत रवीसारखी फिरवायची. व्हॉल्व्ह आठ. दोन दिवस मी ताक घुसळत होतो, लोणी काही निघालं नाही. शेवटी भाऊजींनी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाहिलं. सहा व्हॉल्व्ह पास झाले, दोन मला पुन्हा बसावे लागले.

पिस्टनमध्ये पिन बसवायची तर पिस्टन गरम लागतो. ॲल्युमिनियम फुगतं आणि पिन अंगठ्याने आत सरकते. भाऊजींनी त्यासाठी अक्काचं मोदकपात्र घेतलं. तेही संकष्टीला. चंद्रोदयाच्या सुमारास अक्काने झाकण उघडलं तर आत चार पिस्टन वाफाळत बसलेले. मोरयाच्या गावात असा नैवेद्य आजवर कुणी दाखवला नसेल. अबोला मात्र सुटला. काय शब्दांत सुटला ते सोडा.

आणि एवढं करून इंजिन चालू झालं, तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं, "आता दीड हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. रिंगा बसायला हव्यात." वेगासाठी बांधलेली ती गाडी दोन महिने पुणे जिल्ह्यातली सर्वांत संथ गाडी होती. आम्ही दर रविवारी चाकणला जायचो. तेव्हाचं चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाविरुद्ध पन्नासहून अधिक दिवस लढवलेला भुईकोट. कांद्याचे टेम्पो आम्हाला ओलांडून जात. एकदा पन्नास सीसीची लूना पुढे गेली, आणि वरच्या काकांनी वळून विचारलं, "काही मदत हवी का?"

त्याच चाकणला २००९ साली जर्मन मोटारींचे कारखाने सुरू झाले. आमचा भाचा तिथे लागला. इंजिनात काय दुखतंय ते त्याला लॅपटॉप सांगतो. २०१० साली तिथल्या पोलो गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. सगळ्यांना सारखीच गाडी, असं त्याने कौतुकाने सांगितलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "मग मेकॅनिकने काय टाळ्या वाजवायच्या?"

असो. दीड हजार पुरे झाले आणि बोरघाट ठरला. पुण्याकडच्या माणसाची अडचण अशी, की घाट चढायचा तर आधी उतरावा लागतो. अक्का पिशवीत दशम्या आणि दोन कॅन पाणी घेऊन मागे बसली. खोपोलीहून आम्ही निघालो. वाटेत जागोजाग बॉनेट उघडून मोटारी उभ्या होत्या, माणसं रेडिएटरला वारा घालत होती. भाऊजी बोलत नव्हते. नजर तापमानाच्या काट्यावर, कान इंजिनाकडे. खंडाळ्याला आलो तेव्हा पाण्याचे दोन्ही कॅन भरलेले होते.

भाऊजींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवून मूठ कानाला लावली. बराच वेळ तसेच उभे होते. मग तो अक्कापुढे धरला. तिने पदर सावरला, कान लावला, डोळे बारीक केले.

"चौथ्याचं टॅपेट वाजतंय," ती म्हणाली.

भाऊजींनी पुन्हा कान लावला. मग मला म्हणाले, "फीलर गेज काढ." आम्ही चिंचवडला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते.