गंगाजळीचे कोडे

मराठी घरातील देवघरात पूर्वी एक लहानसे, तोंड डाक देऊन बंद केलेले तांब्याचे पात्र असे. काशीयात्रा करून आलेला कोणी वडीलधारा ते घेऊन येई. त्यातील गंगोदक नित्याच्या वापरासाठी नसे; घरात कोणाची अखेरची घटका आली म्हणजेच ते फोडावयाचे, असा दंडक होता. या पात्रास गंगाजळी म्हणतात. आज वर्तमानपत्रे रिझर्व्ह बँकेजवळील परकीय चलनाच्या साठ्यालाही हाच शब्द योजतात आणि वाचकास त्यात काही खटकत नाही. अडीअडचणीसाठी राखलेले, एरवी हात न लावावयाचे धन, हा अर्थ दोहोंत समान आहे. ग्वाल्हेरीस मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. शिंदे सरकारांचा गुप्त खजिना, तोही गंगाजळीच.

या तिसऱ्या अर्थाची आठवण होण्यास एक अगदी क्षुल्लक निमित्त झाले. कामानिमित्त ग्वाल्हेरीस गेलो असता आम्ही लष्कर भागात एका मराठी स्नेह्यांकडे उतरलो होतो. त्यांचा नातू संगणकावर एक खेळ खेळत बसला होता. पडद्यावर एका जुन्या वाड्याची खोली होती आणि तीत सामानाची अडगळ भरलेली होती. बाजूस दहाबारा वस्तूंची यादी. त्या वस्तू त्या पसाऱ्यातून हुडकून काढावयाच्या. सर्व सापडल्या की एक किल्ली हाती येते, किल्लीने पुढचे दार उघडते, आणि वाड्यातील रहस्य एक पाऊल जवळ येते. आजोबांच्या मते हा डोळ्यांचा आणि वेळेचा नाश. नातवाच्या मते बुद्धीची याहून चांगली कसोटी नाही. "काका, तुम्ही वकील आहात, तुम्हीच निकाल द्या," असे म्हणून नातवाने आम्हांस पंच नेमले आणि आजोबांनीही मान डोलावली.

निकाल देण्यापूर्वी दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि नजीर शोधावी, ही आमच्या धंद्याची सवय. नजिरीसाठी लांब जावे लागले नाही. खिडकीतून किल्ला दिसत होता.

प्रथम या खेळाची कुळी पाहू. त्याचे मातापिता दोन. एक, चित्रातील दडलेली आकृती शोधण्याची जुनी करमणूक. मुलांच्या मासिकांतून ती आपल्याही परिचयाची आहे, आणि मार्टिन हँडफोर्ड या इंग्रज चित्रकाराने १९८७ मध्ये गर्दीत हरवलेल्या वॉलीचे पुस्तक काढून तिला जगभर नेले. दुसरे, संगणकावरील साहसकथा. अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अफाट गुहा आहे. विल क्राउदर हा संगणकतज्ज्ञ तेथील भुयारांत हिंडून त्यांचे नकाशे करीत असे. त्याने १९७६ च्या सुमारास आपल्या मुलींसाठी त्या गुहेवर बेतलेला शब्दांचा खेळ रचला आणि पुढे डॉन वुड्सने त्यात भर घातली. या दोन शाखांचा संगम अलीकडचा. २००५ मध्ये 'मिस्टरी केस फाइल्स' या मालिकेचा पहिला खेळ निघाला, आणि मग वस्तुशोधाला कथा, कुलुपे व कोडी यांची जोड मिळत गेली. साहसाच्या शाखेचे मूळ एका खऱ्या गुहेत आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

आता ग्वाल्हेरची नजीर. शिंद्यांच्या घराण्यात असा संकेत होता असे सांगतात की, युद्ध किंवा दुष्काळ यांसाठी प्रत्येक पिढीने गंगाजळीत भर घालावी. तिच्या वाटेची खूण म्हणजे बीजक. ते एकट्या महाराजांस ठाऊक असावयाचे आणि त्यांनी ते अंतकाळी वारसाच्या कानी घालावयाचे. १ जून १८५८ रोजी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या फौजेपुढे जयाजीरावांचा टिकाव लागला नाही आणि ते आग्र्यास निघून गेले. तीन आठवड्यांच्या आत इंग्रजांनी ग्वाल्हेर परत घेतले, राजे गादीवर आले, पण किल्ला मात्र इंग्रजांनी आपल्याच ताब्यात ठेवला. तो झाशीच्या मोबदल्यात परत मिळाला १८८६ मध्ये. म्हणजे अठ्ठावीस वर्षे परक्या पलटणी त्या डोंगरावर कवाईत करीत होत्या. आणि किल्ला परत आला त्याच वर्षी, जून महिन्यात, जयाजीराव वारले. वारस माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगावयाचे कोणाला?

येथून पुढे दंतकथेचा प्रांत लागतो. एक कथा म्हणते की, घराण्याच्या वृद्ध ज्योतिषाने राजपुत्रास डोळे बांधून तळघरात नेले. दुसरी म्हणते की, अंधाऱ्या वाटेत माधवरावांचा पाय घसरला, त्यांनी आधारासाठी खांब धरला, तो कलला आणि गुप्त दार उघडले. विजयाराजे शिंदे यांनी मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रामुळे गंगाजळीची हकीकत दूरच्या वाचकांपर्यंतही गेली. वरील दोन कथांचा परस्परांशी मेळ बसत नाही, आणि उलटतपासणीत दोन्ही साक्षी टिकावयाच्या नाहीत. तथापि एका मुद्द्यावर त्या एकमुखी आहेत: किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात होती आणि ती हरवता हरवता वाचली.

या नजिरीच्या उजेडात खेळाचे गुण पाहू. पहिला गुण अवधानाचा. पसाऱ्यात एक वस्तू हुडकावयाची तर नजर स्थिर करावी लागते. घाईघाईने पाने उलटण्याच्या या काळात हे शिक्षण थोडे नव्हे. दुसरा गुण क्रमाचा. चांगल्या खेळात एक सापडलेली वस्तू पुढच्या शोधाचे साधन होते. पुराव्याची साखळी जोडणाऱ्या वकिलास याचे मोल सांगावयास नको. तिसरा गुण शिस्तीचा. यांतील कित्येक खेळांत अंदाजपंचे दाहोदरसे करून पडद्यावर ठिकठिकाणी ठोके मारणाऱ्यास दंड होतो, त्याचा वेळ कापला जातो. आजोबांच्या तक्रारीतील निम्मी हवा येथेच निघून जाते.

परंतु दोषही तितकेच स्पष्ट आहेत. पहिला दोष विसंगतीचा. भाजीच्या टोपलीत दुर्बीण आणि झाडाच्या फांदीवर सतार! ती तेथे का, याला उत्तर नाही. केवळ खेळणाऱ्यास चकविण्यासाठी. माधवरावांच्या कथेतील खांब खरा असो वा खोटा, तो त्या वास्तूचा भाग आहे. खांबाच्या जागी खांबच आहे, म्हणून ती कथा शंभरावर वर्षे टिकली. क्राउदरचा खेळही गुहेतून उगवला म्हणून जिवंत राहिला. जेथे वस्तू आणि स्थळ यांचे नाते तुटते तेथे शोध उरत नाही, नुसती डोळ्यांची हमाली उरते.

दुसरा दोष यादीचा. काय शोधावयाचे हे खेळ आधीच सांगून टाकतो, आणि अडले तर इशाऱ्याची कळ दाबली की वस्तू आपोआप चमकू लागते. शब्दांचाही घोटाळा होतोच: यादीत 'पान' लिहिले तर ते झाडाचे, पुस्तकाचे, पत्त्यांचे की विड्याचे? इतिहास असली यादी देत नाही. काय हरवले आहे हेच जेथे ठाऊक नसते, तेथे खऱ्या शोधाला आरंभ होतो.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. सापडलेल्या वस्तूचे पुढे काय, हा प्रश्न खेळ विचारीतच नाही. ग्वाल्हेरच्या इतिहासात हा प्रश्न रक्ताने विचारला गेला आहे. १८५८ च्या जूनमध्ये खजिनदार अमरचंद बांठिया यांनी दरबारचा खजिना क्रांतिकारकांस मोकळा केला, आणि त्याबद्दल इंग्रजांनी त्यांना सराफ्यात फाशी दिले. पुढे माधवरावांनीही आपल्या परीने उत्तर दिले. टाटांच्या पोलाद कारखान्यास खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे काढावे लागले, तेव्हा चार लाख पौंडांचे ते सर्व रोखे एकट्या माधवरावांनी घेतले. धन पुरून ठेवण्याची कीर्ती असलेल्या घराण्याच्या वारसाने धन वाहते केले. खेळात दार उघडले की कथा संपते. येथे दार उघडल्यावर ती सुरू झाली.

याच डोंगरावर दडवणुकीचा दुसराही एक प्रकार आहे. किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. इ. स. ८७६ मधील तेथील शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप आहे: २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा पुरविण्याची तरतूद आहे. यांतील २७० आणि ५० या आकड्यांत लहान वाटोळे शून्य कोरलेले आहे. भारतात ज्यांचा काळ निश्चित आहे अशा शिलालेखांतील ते अत्यंत जुन्या शून्यांपैकी एक होय. त्यावर पहारा नाही, त्याला बीजक नाही. शतकानुशतके माणसे त्याच्या जवळून वर गेली. कोणी दडविले नाही, तरी ते दडलेलेच राहिले; कारण यादीत नव्हते.

आणि तिसरा प्रकार आमच्या वाचकांच्या घरचाच आहे. महादजींच्या फौजेत नावाजलेले जिवबादादा केरकर आणि लखबादादा लाड हे सारस्वत. त्यांच्या गोमंतकात सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली देवळे पडू लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास नेण्यात आली. असे स्थलांतर एकट्याचे काम नव्हे. त्याला पुजारी हवेत, महाजन हवेत, होडी वल्हविणारे हात हवेत. गुपित राखावयाचे, पण ते अनेकांनी मिळून राखावयाचे! म्हणूनच मूळ गावांची नावे आजही कुळांच्या तोंडी आहेत. शिंद्यांचे बीजक एका मृत्यूने हरवू शकत होते. हे बीजक शेकडो घरांत वाटलेले होते.

संध्याकाळी आम्ही निकाल दिला तो असा: फिर्याद अंशतः मंजूर. खेळ निर्दोष नाही, पण निषिद्धही नाही. तो नजर तयार करतो, विषय देत नाही. म्हणून नातवाने रोज तासभर खुशाल खेळावे. मात्र तयार झालेली नजर घेऊन एकदा किल्ल्याच्या चढणीवर जावे आणि कोणतीही कळ न दाबता शून्य शोधून दाखवावे. आजोबांनी बरोबर जावे आणि आपल्याला ठाऊक असलेले सारे त्याला सांगत जावे, कारण घराची हकीकत एकाच डोक्यात ठेवण्याचा परिणाम आपण पाहिलाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघेही गेलो. त्या अक्षरांपुढे बराच वेळ उभे राहिलो. अखेर शून्य सापडले ते नातवाला नव्हे, आम्हांलाही नव्हे, सापडले आजोबांना. साठ वर्षे त्या डोंगराच्या पायथ्याशी राहून त्यांनी ते पूर्वी कधी पाहिले नव्हते.