खोताच्या खळ्यापासून सातबाऱ्यापर्यंत



आज आपण नेरुळ, तुर्भे, घणसोली, ऐरोली अशा नोडमध्ये राहतो. तांदूळ वाण्याकडून पिशवीत येतो. पण आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ गाव कोकणात, घाटावर, खानदेशात नाहीतर मराठवाड्यात आहे. गाव का सुटले, असे मुलांनी विचारले तर आपण म्हणतो, गरिबी होती. गरिबी होती हे खरे, पण ती काही आभाळातून पडली नव्हती. पीक पिकत होते, पिकवणाराही राबत होता. मग धान्य जात होते कुठे? हा हिशेब नव्या पिढीला ठाऊक असावा म्हणून हा लेखनप्रपंच.

कोकणापासून सुरुवात करू. कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांत खोती पद्धत होती. खोताचे काम काय, तर गावचा सारा गोळा करून सरकारात भरणे. पण पिढ्यान्‌पिढ्या वसुली करता करता खोत स्वतःलाच गावचा धनी समजू लागला. जमीन कसायची कुळाने, बियाणे कुळाचे, बैल कुळाचे. आणि भात झोडून खळ्यावर रास पडली की खोताचा माणूस माप घेऊन हजर! निम्मे भात त्याचे, कुठे त्याहूनही जास्त. जिथे खंड ठरलेला असे तिथे पीक बुडाले तरी खंड चुकत नसे. आंब्या-फणसाचा, नारळाचा वाटा वेगळा. त्याशिवाय वेठ होतीच. आठ दिवसांतला एक दिवस खोताकडे फुकट राबायचे, त्याला आठवेठ म्हणत. कुळाच्या हातात कागद नाही, त्यामुळे खोत कधीही जमिनीवरून उठवू शके. अशा स्थितीत कोण बांधबंदिस्ती करील, कोण झाड लावील? कोकणातली तरणी पोरे मुंबईच्या गिरण्यांत आली आणि घरची चूल मनिऑर्डरवर पेटू लागली, ती यामुळे.

या अन्यायाविरुद्ध मोठी टक्कर दिली ती अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी संप पुकारला. संप गिरणीत होतो हे आपल्याला माहीत आहे. पण शेतकऱ्याचा संप म्हणजे काय? जमीन कसायचीच नाही! खोताला वाटा नाही, पण आपल्या घरातही दाणा नाही. माणसांनी जंगलातला लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, पोटाला चिमटा घेतला. पण नांगर धरला नाही. एक-दोन महिने नव्हे, हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांचा इतका लांब संप देशाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

१९३४ साली परमपूज्य बाबासाहेब चरीला गेले आणि त्यांनी संपाला पाठिंबा दिला. हे आपण विसरता कामा नये, कारण संपकरी बहुतांशी आगरी समाजाचे होते. बाबासाहेब फक्त आपल्या जातीपुरते पाहत होते असे म्हणणाऱ्यांना चरी हे उत्तर आहे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोताला वाजवी भरपाई द्या, पण कसणाऱ्याला जमिनीचा हक्क द्या, असा त्याचा गाभा होता. सरकारने ते बिल मंजूर होऊ दिले नाही. तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कोकणातून कुळे बोटीने आली होती. आगरी, कुणबी, महार एका रांगेत चालले.

या रेट्यामुळे सरकारला हलावे लागले. महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले. १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा शब्द प्रथमच कागदावर आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कूळ जमिनीचा मालक मानला गेला. खळ्यावरची रास घरात राहू लागली. ज्या जमिनीवरून कोणी उठवणार नाही तिला माणूस बांध घालतो, कलम लावतो, विहीर खणतो. गरिबी हटते ती अशी.

पण बंधूंनो, इथे एक गोम आहे. कायद्याने जमीन दिली ती कुळाला. ज्याचे नाव कूळ म्हणून लागलेच नव्हते, जो नुसता मजूर म्हणून राबत होता, त्याचे काय? आपले बहुसंख्य लोक यातच होते. आपल्याकडे होती ती महारकीची वतनी जमीन, तीही भावकीत तुकडे तुकडे झालेली, आणि तिच्यापायी गावाची चाकरी गळ्यात. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले होते. ती वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली.

भूमिहीनांचा प्रश्न हाती घेतला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी. १९५९ साली खानदेश, नाशिक, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, शेतमजुराला किमान वेतन द्या, या मागण्या त्यात होत्या. लाखो माणसे तुरुंगात गेली. आयाबाया कडेवर पोर घेऊन जेलमध्ये गेल्या. त्यातून काही ठिकाणी पडीक, गायरान जमिनी मिळाल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर केलेली शेती नियमित करण्याचा शासननिर्णय पुढे झाला, तोही याच वाटेने. आणि ज्याला जमीन नाहीच त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला.

आपण राहतो त्या जागेचा इतिहासही हेच सांगतो. १९७० साली ठाणे आणि रायगडच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट सुरू झाली. इथेही पहिला प्रश्न तोच होता : उताऱ्यावर नाव कोणाचे?

म्हणून एक कळकळीची विनंती. सुट्टीला गावी जाल तेव्हा तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढून बघा. आजोबांचे नाव आहे का, वारसनोंद झाली का, बहिणींची नावे लागली का? वतनी जमीन कोणी परस्पर खाल्ली नाही ना? गायरान कसणारी भावकी असेल तर तिचे जुने दंडाचे कागद, पीकपाहणीचे उतारे जपून ठेवा. गावात राहिलेल्या भूमिहीन भावाला दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण योजना समजावून सांगा. २००४ पासूनच्या या योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची तरतूद आहे. जमीन विकणारा मिळत नाही म्हणून अर्ज पडून राहतात, हे खरे. पण अर्जच नसेल तर मागणी कशाच्या बळावर करणार?

चरीच्या माणसांनी सहा वर्षे नांगर खाली ठेवला तेव्हा एक नोंद मिळाली. आपल्याला ती नोंद वाचायला एक दिवस काढायचा आहे. तेवढे आपण करू या.

जयभीम!