ऊन गेलं, पावडर आली

चिपळुणात आमचं भुसार मालाचं दुकान आजोबांपासूनचं. आषाढ लागला की गिऱ्हाईक धान्य कमी आणि तक्रारी जास्त घेऊन येतं. रव्यात जाळी झाली, तुरीतून भुंगे निघाले, तांदळात सोंडे झाले, पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर टाचणीच्या टोकाएवढं पांढुरकं काहीतरी पळतंय. मग प्रश्न ठरलेला: "शेठ, कुठली पावडर टाकू?" दुकानदार म्हणून मला उत्तर देता येतं. पण या पावडरीच्या आधी कोकणातली घरं काय करत होती, ते आठवलं की वाटतं, हा प्रश्न तसा अलीकडचाच.

इथं पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटावर कोरड्या जमिनीत पेव खणून ज्वारी वर्षानुवर्षं ठेवत. तोंड लिंपलं की आतला प्राणवायू धान्याच्या आणि किडीच्याच श्वासानं संपायचा आणि कीड मरायची. माणूसही मरायचा. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे, आधी दिवा सोडून बघत. कुंभार्ली घाटानं आमच्याकडे उतरणाऱ्या ज्वारीच्या काही गोण्यांना पेवाचा आंबूस वास असायचा, असं आजोबा सांगत. कोकणात पेव खणलं तर मृगातच विहीर व्हायची. इथली साठवण जमिनीच्या वर: बांबूची कणगी, आतबाहेर शेणमातीनं लिंपलेली, खाली दगड किंवा लाकडं लावून उचललेली.

आणि कणगीत तांदूळ नसे, भात असे. यात मोठं शहाणपण होतं. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट द्रावानं भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि दमट, उबदार हवेत महिन्याभरात पुरा किडा बाहेर येतो. म्हणून आज निवडून स्वच्छ केलेला तांदूळ पुढच्या महिन्यात पुन्हा किडलेला दिसतो. भाताचं टरफल शाबूत असलं, तर या मादीला आत शिरायला वाटच सापडत नाही. आजीच्या घरी आठवड्यापुरतं भात काढून कांडत. कांडणाचे कष्ट बायकांच्या वाट्याला यायचे, हे विसरून त्या पद्धतीचं कौतुक करू नये. पण कीड आवरायला ती उपयोगी होती.

बाकीचं काम चैत्र-वैशाखाचं ऊन करायचं. आगोटीच्या आधी सगळं धान्य खळ्यात पसरायचं, कारण दाण्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या खाली गेला की सोंड्याला वंश वाढवणं जड जातं. कडवे वाल राखेत कालवून मडक्यात भरत. राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते, मग तो सुकून मरतो. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात फिरवत. कडधान्याचा भुंगेरा अंडी दाण्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटवतो, तेलानं त्या अंड्यांचा श्वास कोंडतो. रवा भाजून ठेवत, तोही अंडी मरावीत म्हणून. आणि पावसाचे चार महिने चूल पेटलेली असे. तिच्या धगीनं आणि धुरानं स्वयंपाकघराचा माळा कोरडा राही. बियाणं तिथंच टांगलेलं असे.

ही घडी आधी बाजारानं विसकटली. रत्नागिरी जिल्ह्याला स्वतःचं भात कधीच पुरलं नाही, तूट रंगूनच्या तांदळानं भरून निघे. तो यायचा सडलेला, म्हणजे टरफल नसलेला, आणि बारदानात महिनोन्‌महिने राहिलेला. 1942 साली जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि ती आवक तुटली. 1943 साली मुंबईत रेशनिंग आलं. गिरगाव-परळच्या चाळींतल्या आमच्या माणसांना वर्षाची बेगमी उरलीच नाही. रेशनच्या गोणीतून कीडच आयती घरात येऊ लागली, आणि चाळीत वाळवायला खळं नव्हतं.

मग सरकार उतरलं. साठच्या दशकात पानसे समितीनं हिशेब मांडला: काढणीनंतर देशातलं 9.33 टक्के धान्य वाया जातं, त्यातलं 2.55 टक्के नुसत्या किडीमुळे. धान्य वाचवायची मोहीम निघाली. पत्र्याच्या कोठ्या आल्या, आणि ईडीबी या धान्याला धुरी द्यायच्या औषधाच्या काचेच्या कुप्याही. कापूस आणि फडक्यात गुंडाळलेली कुपी कोठीत फोडायची, एका क्विंटलला 3 मिली, आणि आठवडाभर झाकण उघडायचं नाही. वडील त्या विकत. 2001 साली त्या औषधावर देशात बंदी आली. कर्करोगाचा धोका होता.

शेवटचा घाव घराच्या बांधणीनं घातला. चूल गेली, गॅस आला. गॅस जळताना पाण्याची वाफही सुटते, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. फ्लॅटची खिडकी पावसात बंद, आत कुकरच्या शिट्ट्या. अशा हवेत पिठावर, पोह्यांवर डोळ्यांना न दिसणारी बुरशी धरते आणि झाकणावरचे ते पांढुरके जीवजंतू ती बुरशी खाऊन जगतात. हवा कोरडी झाली की ते आपोआप जातात. पण हवा कोरडी करणं कठीण आणि पावडर सोपी. बोरिक पावडर खरं म्हणजे पोटात जायची वस्तू नव्हे. तरी तांदळाला ती चोळतात आणि तीन पाण्यांनी धुतलं की झालं, असं मानतात.

म्हणून विचारायला येणाऱ्या काकूंना, वहिनींना मी सांगतो: पावसाळ्यात रवा-पोहे पंधरा दिवसांपुरतेच न्या, रवा भाजून फ्रीजमध्ये ठेवा, वर्षाचे तांदूळ एप्रिलात घ्या आणि गच्चीत दोन उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. डबा पुसून पूर्ण वाळल्याशिवाय त्यात नवा माल ओतू नका. यानं माझी विक्री थोडी घटते, मुलगा कुरकुरतो. पण कुपी विकण्याचा काळ आमच्या घरानं पाहिलाय. त्यापेक्षा कमी माल विकलेला परवडला.