उसन्या सुरांचा जमाखर्च

१९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीच्या करमणूक-दालनात डीजे कूल हर्क याने जुन्या तबकड्यांवरील तालाचे तुकडे लांबवून पोरांना नाचविले, आणि पुढे ज्या कलेला रॅप हे नाव पडले तिची सुरुवात तेथे झाली असे मानतात; पण त्या रात्री, वाजते आहे ते मूळ गाणे कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. ज्यांच्याजवळ वाद्ये नव्हती, त्यांनी दुसऱ्याच्या तबकडीलाच वाद्य केले होते. मालकीचा प्रश्न उद्भवला तो या खेळाचा व्यापार झाल्यावर. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ गाजले, तेव्हा त्याच्या तळाशी ‘शीक’ या वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’चा ताल असल्याचे ओळखून नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांनी फिर्यादीचा धाक घातला, आणि रचनाकारांत त्यांची नावे दाखल झाली.

हा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात संपूर्ण उतरलेला पाहावयाचा असेल, तर तो एम्. सी. हॅमर या नावाने ख्यात झालेल्या स्टॅन्ली बरेल याच्या आयुष्यात पाहावा. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे जन्मलेला हा मुलगा तेथील बेसबॉलच्या मैदानाबाहेर नाचत असे. त्याची ती ऐट संघाच्या मालकाच्या नजरेस पडली आणि त्याने त्याला पदरी ठेवून घेतले. पुढे त्याच संघाच्या दोन खेळाडूंनी प्रत्येकी २० हजार डॉलर उसने दिले, त्यांवर त्याने ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय उभा केला आणि आपल्या तबकड्या मोटारीच्या डिकीतून विकल्या. म्हणजे भांडवल उसने. आणि ज्या गाण्याने १९९० मध्ये त्याला जगभर पोचविले, त्या ‘यू कान्ट टच धिस’चा तालही रिक जेम्सच्या १९८१ मधील ‘सुपर फ्रीक’कडून उसना. जेम्सने दावा लावला, तडजोड झाली, आणि सहरचनाकार म्हणून उत्पन्नात व पुढे ग्रॅमी पारितोषिकातही त्याचा वाटा कायम झाला.

हे गाणे ज्या संग्रहात होते त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि २१ आठवडे तो अमेरिकेत अग्रस्थानी राहिला. परंतु कलावंताचे उत्पन्न वळवाच्या पावसासारखे एकदाच धो धो येते आणि पगारपत्रक मात्र दरमहा सहीसाठी पुढे येते, ही गोष्ट त्या भरात कोणी ध्यानी घेतली नाही. फ्रीमाँटच्या टेकडीवर कोट्यवधी डॉलरचा वाडा उठला. शर्यतीचे घोडे आले, त्यांतील एका घोडीने १९९१ ची केंटकी ओक्स जिंकलीही. आणि दोनशेच्या आसपास माणसे पदरी लागली. लोक या साऱ्याला उधळपट्टी म्हणून हसले. तथापि त्या दोनशेंत ओकलंडचे सोबती बरेच होते, आणि ज्या वस्तीत रोजगार दुर्मिळ तेथे वर गेलेल्याने मागच्यांना हात द्यावा ही रीत त्याने पाळली, हे त्या हसणाऱ्यांच्या हिशेबात आले नाही. पुढल्या संग्रहाचा खप पहिल्याच्या तुलनेत पुष्कळच कमी झाला. अभिरुचीही कठोर, गुन्हेगारी वस्तीचे वास्तव सांगणाऱ्या रॅपकडे वळली, आणि १९९४ मध्ये त्याने तो वेश धारण केला तेव्हा जुन्या चाहत्यांना तो परका वाटला, नव्यांना उसना.

एप्रिल १९९६ मध्ये ओकलंडच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज गुदरला गेला. देणे सुमारे १ कोटी ३७ लक्ष डॉलरचे. वाडा बांधकामखर्चाच्या जवळजवळ निम्म्या किमतीस गेला. एवढ्यावरही शेवट नव्हता. १९९६ व १९९७ या सालांच्या प्राप्तिकराची पावणेआठ लाखांवर बाकी मागत संघसरकार २०११ मध्ये पुन्हा त्याच्या दाराशी आले.

दरम्यान कायद्याने आपला मार्ग आखला होता. डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपगायकाविरुद्धच्या अशाच उसन्या तुकड्याच्या खटल्यात न्यायमूर्ती डफी यांनी ‘चोरी करू नये’ या बायबलच्या आज्ञेने निकालाचा आरंभ केला, त्याच्या संग्रहाची विक्री रोखली आणि प्रकरण फौजदारी विचारासाठी सरकारी वकिलांकडे धाडले. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी आधी परवाना, आधी पैसा, हा शिरस्ता पडला. मूळ रचनाकाराचा हक्क सुरक्षित झाला, हे न्याय्यच. पण वाद्य घेण्याची ऐपत नसलेल्या पोरांनी जी कला शोधून काढली होती, तिचे साहित्यच आता ऐपतवाल्यांचे झाले. हॅमरची देणी अखेर त्याच्या एकट्याच्या नावावर मांडली गेली. या धंद्याने फुकटात घेतलेल्या वस्तूंची किंमत उशिरा भरली, तिचा मोठा हप्ता मात्र त्याच्यासारख्यांच्या वाट्यास आला.