फेकून द्यायच्या आतड्याची गोष्ट

मासा साफ करताना सगळ्यात आधी फेकली जाते ती आतडी. वसईचा बाजार असो की घरची मोरी, मांजरं त्यासाठीच टपून बसलेली असतात. पण मंडळी, माशाच्या रोगप्रतिकारशक्तीचं एक मोठं ठाणं नेमकं तिथेच असतं.

हा विषय डोक्यात शिरला तो मामांमुळे. वैतरणेच्या खाडीकाठचं त्यांचं जिताड्याचं तळं घरच्यांना माहीत आहेच. मागच्या वर्षी बरेच मासे मेले, तेव्हा खाद्यवाल्याने त्यांना एक पावडर दिली. "खाद्यात मिसळा, इम्युनिटी वाढेल." मामांनी मला विचारलं, "अरे, वाढली की नाही हे मोजतात कसं?" प्रश्न साधाच होता, पण उत्तर शोधता शोधता मी थेट १९०७ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या मज्जापेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवून दाखवल्या. पुढे कोंबडी, उंदीर, माणूस यांच्या पेशी बाटलीत वाढू लागल्या. माशाची पाळी आली १९६२ साली. केन वुल्फ आणि क्विंबी यांनी रेनबो ट्राउट माशाच्या जननग्रंथीतून 'आरटीजी-२' नावाची सेल लाइन तयार केली. सेल लाइन म्हणजे बाटलीत पिढ्यान् पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी. तेव्हा त्या हव्या होत्या ट्राउटच्या पिलांना मारणाऱ्या विषाणूंसाठी, कारण विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढतच नाही.

मग आतडं कुठून आलं? तर अँटिबायोटिक्समुळे. जनावरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात ती सर्रास मिसळत, आणि त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होऊ लागले. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून अशा वापरावर बंदी घातली. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध पशुखाद्यातून आणि मत्स्यशेतीतून हद्दपार झालं. त्यांच्या जागी यीस्टमधलं बीटा-ग्लुकन, प्रोबायोटिक्स असे पदार्थ आले. हे सगळे पोटात जाणारे, म्हणजे परिणाम बघायचा तो आतड्यावरच.

गंमत म्हणजे माशाला आपल्यासारख्या लसिका गाठी नसतात. त्याच्या आतड्याच्या अस्तरात पेशींचा जेमतेम एक थर असतो, आणि तोच अन्न आत घेतो, जंतूंना अडवतो, वेळ आली तर धोक्याचा इशाराही देतो. ट्राउटच्या आतड्यात आयजीटी नावाचं खास प्रतिपिंड पहारा देतं, हे २०१० मध्ये दिसून आलं.

त्यानंतर वर्षभरातच, २०११ मध्ये, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातून ट्राउटच्या आतड्याची सेल लाइन जाहीर झाली : 'आरटीगटजीसी'. या पेशी साधारण २० अंशांवर वाढतात. त्यांना बारीक छिद्रांच्या पडद्यावर वाढवलं की वरची बाजू आतड्याची, खालची रक्ताची. वर खाद्यातला पदार्थ टाकायचा आणि थरातून वीज किती अडते ते मोजायचं. अडथळा घटला तर थर गळका झाला. धोक्याचे इशारे देणारी जनुकं किती जागी झाली, तेही मोजता येतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याच पेशींवर बीटा-ग्लुकन, न्यूक्लिओटाइड्स वगैरे पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थासाठी आधी शेकडो मासे मारायची गरज राहिली नाही.

अर्थात, ही चाळणीच. बाटलीत ना रक्त, ना आतड्यातले जंतू, ना श्लेष्मा. चाळणीतून उतरलेला पदार्थ शेवटी जिवंत माशाला खाऊ घालूनच बघावा लागतो.

आणि आपले मासे? वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासूनची, विरार लोकलने अंधेरीला उतरलं की फार लांब नाही. पेशी वाढवण्याचं कामही आपल्याकडे नवं नाही. रोहूच्या शेपटीच्या परापासून पेशी वाढवल्याचा लाक्रा आणि भोंडे यांचा निबंध १९९६ चा. भारतातली पहिली सागरी माशाची सेल लाइन २००६ मध्ये तमिळनाडूतल्या मेलविशारमच्या एका महाविद्यालयातून आली, आणि मासा कोणता? चक्क आपला जिताडा! पण पेशी होत्या मूत्रपिंडाच्या.

म्हणून मामांना सांगितलं : मोजता येतं, पण पावडर आणून देणाऱ्याला एवढं विचारा की हे कुठल्या माशावर तपासलंय. ट्राउट थंड पाण्यातला, जिताडा आपल्या कोमट, मचूळ खाडीतला. एकाच्या आतड्याला मानवलं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. पिशवीवर 'इम्युनिटी' छापायला काही लागत नाही हो. ती मोजायला मात्र माणसांना शंभरेक वर्षं लागली आहेत.